तिरपी कोणाची?

मी एक जुनी फाईल आहे. आज सकाळी साडेदहाला मला पुसून टाकण्यात आलं, त्यामुळे खरं तर ‘होते’ म्हणायला हवं. पण मित्रांनो, मी अजून काम करते आहे आणि चार वाजेपर्यंत करणार आहे. ‘मित्रांनो’ हे मी पद्धत म्हणून म्हणते. तुमच्यापैकी एकानेही आजवर माझी चौकशी केलेली नाही.

माझं नाव तिरपी. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका कारखान्यात, मागच्या खोलीतल्या युनिक्स जातीच्या संगणकावर मी राहते. काम एकच. ज्यांच्या डोळ्यांना तिरका नंबर असतो, त्यांची काच घासताना ती ठरावीक अंशांत फिरवून धरावी लागते. डॉक्टर चिठ्ठीवर अंश लिहितात ते एका बाजूने मोजून, आणि मशीनचा चिमटा मोजतो दुसऱ्या बाजूने. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि दोघंही ऐकायला तयार नाहीत. मधे मी. माझं चुकलं तर काच सुंदर दिसते, चकाकते, चौकटीत झकास बसते आणि घालणाऱ्याचं डोकं ठणकायला लागतं. त्याला वाटतं, नवा चष्मा आहे, होईल सवय. होत नाही.

मला ज्याने लिहिलं तो माणूस चिडका होता. एका बैठकीत त्याने मला हातावेगळं केलं आणि माझ्या डोक्यावर टीप ठेवली, ‘हे असं का, ते विचारू नका.’ कोणी विचारलं नाही. मग मला आणखी सतरा फाईलींबरोबर एका पॅकेजात बांधलं. पॅकेज म्हणजे गाठोडं. आमच्या गाठोड्याचं नाव त्याने ठेवलं ‘किरकोळ-तीन’. अठरा जणींच्या जन्माचं सार्थक दोन शब्दांत.

गाठोडं संगणकावर सोडलं की फाईली आपापल्या खोल्यांत जातात आणि रजिस्टरात नोंद होते की अमुक पत्त्यावरची अमुक फाईल अमुक पॅकेजाची. पुढे कधी शंका आली तर रजिस्टराला विचारायचं, ही कोणाची? काही घराण्यांत ही विचारणा डीपीकेजी नावाच्या आज्ञेने करतात, काहींत आरपीएमने. आमच्याकडे डीपीकेजी. रजिस्टर लगेच उत्तर देतं. ते कधी खोटं बोलत नाही, कारण खोटं बोलायला लागते तेवढी अक्कल त्याला नाही.

तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, फाईलीच्या कपाळावर मालकाचं नाव असतंच की! असतं. माझ्या कपाळावर ‘रूट’, म्हणजे या घरचा सर्वेसर्वा, असं लिहिलेलं आहे. माझ्या आसपासच्या जवळजवळ सगळ्याच फाईलींच्या कपाळावर तेच आहे. त्यावरून हुकूम कोणाचा चालतो एवढं कळतं, आलो कुठून ते कळत नाही. तुरुंगातल्या सगळ्या कैद्यांचा जेलर एकच असतो, म्हणून तो त्यांचा बाप ठरत नाही.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. संगणक नवा होता, मशीन नवं होतं, मालकांचे केस काळे होते. पहिली तिरक्या नंबराची काच घासून बाहेर आली तेव्हा मालकांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, “वा, काय मशीन आहे!” माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते हेच. तेही दुसऱ्याच्या नावावर.

संगणक सांभाळायला काकू होत्या. त्या कोणाच्याच काकू नव्हत्या. मालक त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे, तेही त्यांना काकूच म्हणत. मुळात त्या घासलेल्या काचा तपासायच्या कामावर लागल्या होत्या. संगणक बिघडला की दुरुस्तीवाला तिसऱ्या दिवशी उगवतो हे पाहून, संतापाच्या भरात त्या संगणक शिकल्या. दुरुस्तीवाल्याला त्यांनी परत दारात उभं केलं नाही. एकोणीस वर्षं त्या माझ्याशी बोलल्या त्या फक्त शिव्यांत. मला तक्रार नाही. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

तीन वर्षांपूर्वी घरात मोठी दुरुस्ती निघाली, म्हणजे सगळी प्रणाली काकूंनी नव्या आवृत्तीवर नेली. तोवर मी ‘लिब’ नावाच्या खोलीत राहत होते. ‘यूएसआर’ नावाच्या आवारातही एक ‘लिब’ खोली होती. नव्या आवृत्तीच्या कारभाऱ्यांनी ठरवलं की एका घरात दोन लिब कशाला. मधली भिंत पाडली, आम्हा सगळ्यांना आवारातल्या खोलीत हलवलं आणि जुन्या दारावर बाण काढून ठेवला, ‘आत इकडून’. जुन्या दाराने येणारा माणूस न अडखळता आमच्यापर्यंत पोचतो. त्रास कोणालाच नाही. फक्त रजिस्टरात माझा पत्ता जुनाच राहिला. ‘लिब’मधली तिरपी, पॅकेज किरकोळ-तीन. बाण बघून दोन पावलं चालायचे कष्ट रजिस्टर घेत नाही. वहीत जे लिहिलंय ते लिहिलंय.

मग मालकांचे जावई कारखान्यात आले.

त्यांना सगळे जावईबापू म्हणत. काकू तो शब्द जरा जास्त लांबवत. जावईबापूंना पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी दिसल्या. एक, कारखान्यात शिस्त नाही. दोन, संगणकाची सगळी सूत्रं एका बाईच्या हातात आहेत आणि ती बाई त्यांना बघून उठून उभी राहत नाही. देखभाल बाहेरच्या कंपनीला द्यावी असं त्यांचं म्हणणं होतं. मालक म्हणत, “अहो, पण काकू आहेत ना.” तेव्हा काकू का नसाव्यात याचा पुरावा आणण्यासाठी जावईबापूंनी संगणकाची झडती घेतली.

झडती घेण्याची पद्धत अगदी साधी होती. जावईबापू एकेका खोलीत गेले. जी फाईल दिसेल तिचा, ती आता राहते तो पत्ता लिहून रजिस्टराला विचारलं, ही कोणत्या पॅकेजाची? माझ्याबद्दल विचारलं, ‘यूएसआर’ आवारातल्या ‘लिब’मधली तिरपी कोणाची? रजिस्टराने वही चाळली आणि सांगितलं, या पत्त्यावरचं असं काही माझ्याकडे नाही. जावईबापूंनी माझ्यापुढे फुली मारली. अशा चारशे बारा फुल्या जमल्या. यादीवर त्यांनी मथळा टाकला, ‘काकूंनी परस्पर घुसवलेल्या बेवारस फाईली’. छापून, टाचणी लावून यादी मालकांच्या टेबलावर ठेवली.

आज सकाळी दहाला काकूंना केबिनमध्ये बोलावलं गेलं. केबिनमधला पडदा याच संगणकाला जोडलेला आहे, त्यामुळे मी घरातच होते असं समजा.

“काकू, हे काय आहे?” मालकांनी यादी पुढे सरकवली.

“टाचणी लावलेली चूक आहे,” काकू म्हणाल्या.

“चारशे बारा!” जावईबापू म्हणाले. “कोणत्याही पॅकेजात नाहीत. मी सांगत नाही, सिस्टिम सांगते.”

“सिस्टिमला विचारलंत काय, त्यावर आहे ते.”

“हे बघा बाबा, हे असं. सरळ उत्तर कधी नाहीच.”

“सरळ प्रश्न आला तर देईन.”

“नमुन्यादाखल एक पुसून दाखवतो,” जावईबापू म्हणाले. “सगळ्यात जुनी. काय नाव आहे... तिरपी! बघा ना, हे काय फाईलीचं नाव झालं?”

काकू खुर्चीतून निम्म्या उठल्या. “त्या फाईलीला हात लावू नका.”

चुकलं ते इथे. एखाद्या माणसाला एखादी गोष्ट करू नका म्हणून सांगायचं असेल, तर ते त्याच्या सासऱ्यासमोर सांगू नये. जावईबापूंनी की दाबली.

मित्रांनो, मरण कसं असतं ते सांगते. काहीच होत नाही. युनिक्सच्या घरात फाईल पुसली म्हणजे दारावरची पाटी काढली जाते एवढंच. त्या क्षणी जो प्रोग्राम फाईल हातात धरून बसलेला असतो, त्याच्या हातातून ती कोणी ओढून घेत नाही. मशीन चालवणारा प्रोग्राम सकाळी आठपासून मला धरून बसला होता. खोलीत मी नाही, यादीत मी नाही, पण काम चालू. तो प्रोग्राम बंद झाला की संपलं.

पलीकडे मशीन घरघरत राहिलं. जावईबापूंनी कान टवकारून दाखवले. “पुसली. ऐका. काही फरक पडला?”

मालकांनी ऐकलं. नव्हता पडला.

“उरलेल्या चारशे अकरा चार वाजता पुसतो. आजचा माल निघाला की मशीन बंद, संगणक बंद, पुन्हा चालू. स्वच्छ. आणि काकू, तुम्हीही...” पुढचं वाक्य मालकांनी पूर्ण करावं म्हणून त्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीने काही बोलायचं नाकारलं, म्हणून शेवटी टेबलावरचा नोकरी संपल्याचा कागदच बोलला. काकूंना चार वाजेपर्यंत काम सोपवून मोकळं व्हायचं होतं.

काकू जागेवर आल्या. ड्रॉवर उघडून कंगवा, गोळ्या, दोन पेनं आणि भिंग पिशवीत टाकलं. मग, जाता जाता एखाद्याच्या दाराला लाथ घालावी तशा थाटात त्यांनी एक आज्ञा टाइप केली, कोणत्या प्रोग्रामच्या हातात कोणकोणत्या फाईली आहेत? मशीनच्या प्रोग्रामसमोर माझं नाव आलं आणि नावापुढे लिहून आलं, ‘पुसलेली’. काकू एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. ते हसणं काही चांगलं नव्हतं.

कारण त्यांना ठाऊक होतं. मला लिहिणाऱ्या त्या चिडक्या माणसाने प्रोग्रामातही लिहून ठेवलंय की तिरपी सापडली नाही तर बोंबलत बसू नये, अंश शून्य धरावेत आणि पुढे जावं. चार वाजता संगणक बंद होऊन चालू झाला असता, मशीन रोजच्यासारखं घरघरलं असतं आणि उद्यापासून प्रत्येक तिरक्या नंबराची काच चुकीच्या अंशात घासली गेली असती. एकही दिवा लाल झाला नसता. तक्रारी यायला पंधरा दिवस लागले असते. तोवर काकू घरी, आणि जावईबापू तोंडघशी.

मशीनवाला काचांचा ट्रे घेऊन आला. केबिनला दार असलं तरी भिंती पातळ आहेत, त्यामुळे त्याला सगळं माहीत होतं; आणि तिरपी नसली तर मशीन शून्य अंश धरतं, हे काकूंनीच त्याला कधीतरी सांगितलं होतं.

“काकू, सांगून टाका त्यांना.”

“काय सांगू? बेवारस फाईली घुसवणारी बाई मी. माझं कोण ऐकतंय?”

“चष्मे लोकांचे आहेत हो.”

“मग लोकांनी यावं आणि जावईबापूंना विचारावं. छान इंग्रजी बोलतात ते.”

“पंधरा दिवसांनी बोंब होईल.”

“होऊ दे. मी घरी खुर्ची टाकून ऐकेन.”

मित्रांनो, मी काकूंच्या बाजूची होते, पण जीव माझा जात होता. आणि मला एक गोष्ट कळली. काकूंना मला वाचवायचं नव्हतं. कधीच नव्हतं. मी त्यांच्या भांडणातली काठी होते.

बोलता बोलता सवयीने काकूंनी ट्रेमधली एक काच उचलली, तपासणीच्या दिव्याखाली धरली आणि फिरवली. “हे काय आणलंस? दोन अंशांनी सरकलीये. चिमटा नीट आवळता येत नाही?”

“आवळतो,” मशीनवाला शांतपणे म्हणाला. “दोन अंशांवरून एवढं बोलता. उद्या चिठ्ठीवर नव्वद असतील आणि काच शून्यावर घासलेली असेल, तेव्हा कोणाला बोलाल? आणि ती तपासायला तरी कोण असेल?”

काकूंनी काच खाली ठेवली. परत उचलली. परत ठेवली. मग मशीनवाल्याला, त्याच्या मशीनला, जावईबापूंना आणि बहुतेक मलाही उद्देशून एक शब्द उच्चारला, जो मुलांसाठीच्या लिखाणात बसत नाही, आणि तरातरा केबिनकडे गेल्या. तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“फाईल परत ठेवा,” दार न वाजवताच त्या म्हणाल्या.

“कोणती?” जावईबापूंनी विचारलं.

“सकाळी जिला मारलंत ती.”

“अहो, मशीन चालू आहे की!”

“तोंडात घास असेपर्यंत ताट ओढलेलं कळत नाही. चारला बंद करून चालू केलंत की ती जाईल, आणि उद्यापासून तुमच्या सासऱ्यांच्या नावाने लोकांच्या डोळ्यांत वाकड्या काचा जातील.” मग मालकांकडे वळून म्हणाल्या, “उपकार करायला आलेली नाही. माझ्या हातून वाकडी काच या दारातून कधी गेली नाही. मी गेल्यावर जाऊ नये एवढाच माझा माज आहे.”

मालकांचा चेहरा काचेसारखा झाला. “जावईबापू, ठेवा परत.”

“पुसलेली परत येत नसते या सिस्टिमवर,” जावईबापू म्हणाले. “पॅकेज पुन्हा टाकावं लागतं. आणि ही कोणत्याच पॅकेजात नाही, हेच तर माझं म्हणणं आहे! हे बघा, तुमच्यासमोर विचारतो.” त्यांनी माझा आवारातला पत्ता सबंध टाइप केला. रजिस्टराने सांगितलं, या पत्त्यावरचं असं काही माझ्याकडे नाही. जावईबापू खुर्चीत मागे रेलले. “कोणाचीच नाही. म्हणजे तुमचीच. तुम्हीच आणा.”

“पत्ता खोडा,” काकू म्हणाल्या.

“म्हणजे?”

“पत्ता खोडा आणि नुसतं नाव टाका. कुठे राहते ते सांगू नका, कोण आहे तेवढं विचारा.”

“त्याने काय होणार आहे?”

“नाही झालं तर मी आत्ताच जाते. चारपर्यंतही थांबत नाही. टाका.”

जावईबापूंनी माझं नाव टाइप केलं, एका बोटाने, जणू अक्षरांना काही लागलंय. रजिस्टराने वही चाळली. त्याला पत्ता जुळवायचा नव्हता, फक्त नाव शोधायचं होतं. आणि त्या ठोंब्याने, कालही सांगितलं असतं अशा सहजपणे सांगितलं, तिरपी, राहणार ‘लिब’, पॅकेज किरकोळ-तीन.

बाहेर मशीन घरघरत होतं. म्हणजे मीच.

“किरकोळ-तीन म्हणजे?” मालकांनी विचारलं.

“तुम्ही विकत घेतलेल्या मशीनबरोबर आलेलं पॅकेज. म्हणजे ती तुमची, मालक. तुमच्या घरातली फाईल तुमच्या जावयांनी तुमच्यासमोर मारली आणि खून माझ्या नावावर लिहिला. तीन वर्षांपूर्वी खोल्या एक झाल्या. यांनी नवा पत्ता विचारला, वहीत जुना आहे. बाकी काही नाही.”

“हा एक तांत्रिक मुद्दा आहे,” जावईबापू म्हणाले.

“हो. तुमच्या यादीत तसे चारशे बारा तांत्रिक मुद्दे आहेत.”

जुन्या पॅकेजांची खोकी कोपऱ्यात जपून ठेवायची काकूंना सवय होती. त्यांनी किरकोळ-तीन काढलं आणि पुन्हा उलगडलं. जुन्या दाराने, बाण बघत, माझ्याच जागेवर एक फाईल येऊन बसली. माझ्याच नावाची, माझ्याच वजनाची, डोक्यावर तीच उद्धट टीप. माझी बहीण म्हणा. मी तिला ‘ये’ म्हटलं नाही. तिनेही विचारलं नाही.

मग चारशे अकरा नावं पुन्हा, पत्त्याशिवाय, विचारली गेली. तीनशे ऐंशी कोणत्या ना कोणत्या पॅकेजाच्या निघाल्या. एकतीस उरल्या, ज्यांना खरंच कोणी नव्हतं.

“या माझ्या,” काकू म्हणाल्या. “हाताने लिहिलेल्या. घ्या, पुसा. चार वाजायला अवकाश आहे अजून.”

जावईबापूंचं बोट कीवर होतं. ते बोट तिथेच राहिलं. कोणती काय करते ते त्यांना ठाऊक नव्हतं. पुसायची हिंमत नव्हती आणि विचारायची लाज वाटत होती.

मालकांनी सकाळचा कागद फाडला. “काकू, झालं गेलं...”

“झालं नाही, केलं,” काकू म्हणाल्या. “मी राहते, पण यांना इथे बसवा. एकतीस नावं आहेत. एकेकीचं नाव घ्यायचं आणि मला विचारायचं, काकू, ही काय करते? मी सांगेन. लिहून घ्यायचं. स्वच्छ अक्षरात.”

मालक जावयाकडे बघू लागले. या वेळी खिडकीकडे नाही.

“काकू,” जावईबापू पडद्याकडे बघत म्हणाले, “ही... पहिली. ही काय करते?”

“मोठ्याने. मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.”

आता चारला दोन मिनिटं आहेत. मशीन थांबवलंय, प्रोग्राम तेवढा अजून मला धरून आहे. मित्रांनो, या प्रकारच्या लिखाणात शेवटी उपदेश करायचा असतो, तो उरकून घेते. एखादी गोष्ट कोणाचीच नाही असं तुम्हाला उत्तर मिळालं, तर आधी तुमचा प्रश्न तपासा. पत्ता चुकलेला असतो, माणूस नाही. आणि ज्यांचं नाव खरंच कुठल्याही वहीत नसतं, त्यांना पुसायच्या आधी निदान एकदा विचारा, बाई, तू काय करतेस? तुम्ही विचारणार नाही, हे मला माहीत आहे. तरी सांगितलं.

काकू दिवा लावून तपासणीच्या खिडकीशी उभ्या आहेत. बंद होऊन चालू झाल्यावर पहिली काच नव्वद अंशांची आहे. ती बरोबर निघाली तर ते माझ्या बहिणीचं काम. मालक ती उजेडात धरतील आणि मशीनला वा म्हणतील. मला ते ऐकू येणार नाही. एवढं एक बरं झा—